सिस्टर सोडून जातात तेव्हा मेट्रनने आधी काय बघावं

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. ८० खाटांचं खासगी हॉस्पिटल, नर्सिंगच्या ३६ जागा, आणि गेल्या वर्षभरात १५ जण सोडून गेले. त्यातले ११ तर सहा महिनेही टिकले नाहीत. तीन महिन्यांपूर्वी ताईंना मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सिंगची प्रमुख, केलं. मालक डॉक्टर म्हणतात, "हल्लीची मुलं टिकतच नाहीत. बाँड लिहून घ्या, ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घ्या." ताईंचा प्रश्न असा की पगार वाढवणं माझ्या हातात नाही, मग मी करू तरी काय?

ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वॉर्डात उभी राहिले त्याला २८ वर्षं झाली. जळगाव आणि भुसावळ इथल्या हॉस्पिटलांत मिळून त्यातली १३ वर्षं मेट्रन म्हणून काढली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलेल्या आकड्यात आहे. १५ पैकी ११ जण सहा महिन्यांच्या आत गेले. पगार किती मिळणार हे त्यांना जॉइन होतानाच माहीत होतं. तो मान्य करूनच त्या आल्या. मग काही महिन्यांतच असं काय झालं की तोच पगार नकोसा झाला? ते 'काय' वॉर्डात घडतं, हॉस्टेलवर घडतं, ड्युटी लिस्टमध्ये घडतं. आणि ते बहुतेक तुमच्या हातात आहे.

बाँडचं आधी सांगते. मी एका ठिकाणी बाँड आणि कागदपत्रं अडकवून ठेवणं, दोन्ही पाहिलंय. ज्यांना जायचं त्या गेल्याच. कुणाचा भाऊ येऊन भांडला, कुणी पोलिसात जाण्याची भाषा केली. आणि ज्या राहिल्या त्या मनाने कधीच गेलेल्या होत्या. बीपी न मोजता चार्टवर आकडा टाकणारी सिस्टर तुम्हाला हवी आहे का? दुसरं म्हणजे जीएनएम कॉलेजच्या पोरी एकमेकींना सगळं सांगतात. 'तिथे ओरिजिनल ठेवून घेतात' हे शिरपूरपासून पाचोऱ्यापर्यंत आठ दिवसांत पोचतं, आणि पुढच्या जाहिरातीला चांगली मुलगी अर्जच करत नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा.

आता पगाराबद्दल, कारण तो विषय टाळून बोलणं खोटेपणाचं होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधल्या निर्देशावरून खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगारासाठी केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी की २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, १०० ते २०० खाटांना तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. तुमचं हॉस्पिटल तिसऱ्या गटात बसतं. आपल्याकडे किती ठिकाणी हे पाळलं जातं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. तरीही हा कागद डॉक्टरांसमोर ठेवाच. मेट्रनने पगाराबद्दल बोलायचं नाही, ही सवय आपणच मोडायला हवी.

तरी काही जाणं थांबणारं नाही आणि थांबवूही नये. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आरोग्य अभियानाच्या भरत्या निघतात, एम्सची परीक्षा असते. कायम नोकरी मिळालेल्या मुलीला पेढे वाटून निरोप द्या. ती उद्या तिच्या धाकट्या बहिणीला तुमच्याकडे पाठवेल. लग्न होऊन सुरतेला किंवा नाशिकला गेलेल्या मुलीचंही तसंच. पण जी त्याच गावात, दोन चौक पलीकडच्या हॉस्पिटलात हजार-दीड हजार जास्त मिळतात म्हणून गेली, तिच्याबद्दल स्वतःला विचारायचं. हजार रुपयांसाठी कुणी ओळखीची माणसं, ओळखीचा वॉर्ड सोडत नाही. आधी मन उठलेलं असतं, हजार रुपये हे घरी सांगायचं कारण असतं.

मी एक वही ठेवत असे, तशी तुम्हीही ठेवा. जाणाऱ्या प्रत्येकाचं एक पान. कधी आली, कधी गेली, शेवटच्या दोन महिन्यांत कुठल्या वॉर्डात होती, किती नाइट झाल्या, किती ऑफ बुडाले, राहायला कुठे होती, कुठे गेली. राजीनाम्यावर लिहिलेलं कारण उतरवू नका. तिथे सगळ्यांचं 'घरगुती अडचण' असतं. दोन महिन्यांनी फोन करा. तोवर राग निवलेला असतो, पगाराचा हिशेब मिळालेला असतो, मग मुलगी खरं बोलते.

या वहीने मला एकदा चांगलंच शिकवलं. दोन वर्षांची पानं समोर ठेवली तेव्हा दिसलं की मे-जूनमध्ये राजीनामे जास्त. आम्ही सगळे समजत होतो की उन्हाळ्यात लग्नं असतात, भरत्यांचे निकाल लागतात. मग लक्षात आलं की मे-जूनमध्ये गेलेल्या जवळजवळ सगळ्या हॉस्टेलवर राहणाऱ्या होत्या. हॉस्टेल म्हणजे हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या दोन खोल्या. मी नाइटच्या मुली झोपतात त्या वेळी, दुपारी एकला वर गेले. भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर. स्लॅब तापून भिंतीला हात लागत नव्हता. पंखा गरम वारा फेकत होता. खिडकीला ओली चादर बांधलेली, ती सुकून कडक झालेली. चौघींपैकी एकही झोपलेली नव्हती. एक पारोळ्याकडची मुलगी फरशीवर पाणी ओतून त्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, आठे मन नही लागत." म्हणजे इथे मन लागत नाही. आणि त्याच मुलीला रात्री आठ ते सकाळी आठ आयसीयूत उभं राहायचं होतं.

मला स्वतःचीच लाज वाटली. वर्षानुवर्षं ड्युटी लावत होते, पण रात्रपाळी करणारी मुलगी दिवसा झोपते कुठे हे पाहायला जिना चढले नव्हते. तळमजल्यावर जुन्या रेकॉर्डची खोली होती, ती रिकामी करून घेतली, दोन मोठे डेझर्ट कूलर बसवले, दाराला जाड पडदा लावला, दुपारी तिथे कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम केला. खर्च एका नव्या सिस्टरच्या दोन पगारांएवढाही नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात हॉस्टेलची एकच मुलगी गेली, तीही सरकारी नोकरी लागली म्हणून.

तुमच्याकडे हेच असेल असं नाही. दुसऱ्या ठिकाणी अडचण एसटीची निघाली होती. एरंडोल-धरणगावकडून अपडाऊन करणाऱ्या मुली. दुपारची ड्युटी आठला सुटायची, ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देता देता सव्वाआठ-साडेआठ, आणि गावाकडची सोयीची गाडी आठच्या सुमारास. महिन्यात दहा दिवस वडील नाहीतर भाऊ मोटरसायकल घेऊन गेटवर. घरचे किती दिवस सहन करणार? आम्ही पाळ्या अर्धा तास आधी ओढल्या. साडेसात, दीड, साडेसात. एवढंच.

आता ड्युटी लिस्ट. माझ्या मते मेट्रनचं खरं काम इथे आहे. मुलगी टिकणार की जाणार हे अर्धंअधिक या एका कागदावर ठरतं.

आधी माणसं पुरतात का ते मोजा. मालक म्हणतात ३६ जण पुष्कळ. एक हिशेब त्यांच्यासमोर करून दाखवा. ३० खाटांचा वॉर्ड, सहा रुग्णांमागे एक सिस्टर, म्हणजे एका पाळीला पाच, तीन पाळ्यांना १५. पण एक सिस्टर वर्षाचे ३६५ दिवस येत नाही. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, आणि किरकोळ रजा, सण, आजारपण धरून आणखी ३० दिवस. राहिले २८३. ३६५ ला २८३ ने भागलं की १.२९ येतं. मानकांमध्ये जी ३० टक्के रजा राखीव सांगितलेली असते, ती इथून येते. म्हणजे १५ च्या जागी २० हव्यात. या पाच जणी धरल्या नाहीत, तर कुणाचीही रजा ही दुसऱ्या कुणाची तरी डबल ड्युटी असते. आयसीयूला तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर आणि इतरांना दोघांमागे एक, हे धरूनच चाला.

एक गेली की तिचे रुग्ण उरलेल्यांवर पडतात, त्या थकतात, मग दुसरी जाते. आपण ही साखळी रोज बघतो, आणि तिच्यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांवर लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. डॉक्टर मंडळी आकड्यांना मानतात, हा आकडा त्यांना द्या.

मग यादी लावण्याची पद्धत. महिन्याची लिस्ट आधीच्या महिन्याच्या २० तारखेला भिंतीवर लागलीच पाहिजे. उद्याची ड्युटी आज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कळते तिथे कुणी आयुष्य आखू शकत नाही. लिस्टच्या आधी मागणीची वही वॉर्डात फिरू द्या, प्रत्येकीने हवे असलेले दोन दिवस लिहायचे. नाइट सलग सहाच्या वर नको, आणि नाइट संपली की सुटायच्या दिवसाला 'ऑफ' म्हणायचं नाही. सकाळी आठला घरी गेलेली बाई दिवसभर झोपते, ती सुट्टी नव्हे. आपापसात बदल करायचा असेल तर दोघींच्या सह्या आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या इन-चार्ज सिस्टरची सही, बस्स. ऑफच्या दिवशी फोन करून बोलवायची वेळ आलीच तर तो ऑफ १५ दिवसांत परत द्यायचा. तो दिलात की नाही हे मुली तोंडाने बोलत नाहीत, पण मनात पक्कं लिहून ठेवतात.

सणांचं विशेष सांगते, कारण बाहेरून आलेल्या एचआरच्या लोकांना आपलं पंचांग कळत नाही. ते दिवाळी आणि गणपती धरतात. आपल्या मुलींना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हवी असते. लग्न झालेली खान्देशी मुलगी आखाजीला माहेरी जाणार, झोका बांधलेला असणार, आई वाट बघत असणार. श्रावणात ज्यांच्या घरी कानबाई देवी बसते त्यांना तो रविवार-सोमवार लागतो. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल-पावरा मुलांना होळी. दिवाळीला ती आनंदाने ड्युटी करतील, पण होळीला गाव सोडून राहणं त्यांना जमत नाही.

हे मी चूक करून शिकले. आमच्याकडे धडगावच्या बाजूची एक मुलगी होती. आयव्ही (शिरेत सलाइनची सुई) लावण्यात तिचा हात असा होता की लहान मुलांच्या वॉर्डातून तिलाच बोलावणं यायचं. तिने महिनाभर आधी होळीचे चार दिवस मागितले होते. दोघी जणी नुकत्याच सोडून गेल्या होत्या, मी नाही म्हटलं, वर म्हटलं, "होळीला चार दिवस कशाला लागतात?" ती काही बोलली नाही. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ओव्हर नीट दिली, औषधांच्या कपाटाची किल्ली इन-चार्जच्या हातात ठेवली, आणि गेली. पुन्हा आली नाही, पगारही मागितला नाही. पुढे मी त्या भागात गेले, तिथली होळी पाहिली, रात्रभर चालणारे ढोल आणि नाच पाहिले, तेव्हा कळलं मी काय विचारलं होतं तिला. त्यानंतर सणांचं वेगळं रजिस्टर केलं. ज्याला होळी मिळाली तो दिवाळीला कामावर, जिला आखाजी मिळाली ती कानबाईला कामावर, आणि हे सगळं वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरवायचं. आदिवासी आणि बिगरआदिवासी मुलं मिळून असली तर हे जमवणं उलट सोपं जातं.

नवीन मुलींबद्दल. तुमच्या ११ जणी इथेच गेल्या असणार. जीएनएमची तीन वर्षं करून आलेली मुलगी परीक्षा पास झालेली असते, पण १८ रुग्ण एकटीने सांभाळण्याची सवय तिला कुठून असणार? एका हॉस्पिटलात पाचव्या दिवशी एका मुलीला नाइटला एकटी लावली होती. पहाटे तीनला एका आजोबांचा श्वास अडकला. तिला ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कुठे ठेवतात तेच माहीत नव्हतं. समोरच्या वॉर्डातला ब्रदर (पुरुष नर्स) धावत आला, आजोबा वाचले. सकाळी मी पोचले तेव्हा ती टेबलाशी बसून होती, चार्ट सगळे पूर्ण लिहिलेले. आयकार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून ती गेली. मला अजून वाटतं, ती उत्तम सिस्टर झाली असती. चूक तिची नव्हती, तिला एकटीला लावणाऱ्या लिस्टची होती.

म्हणून पहिले १५ दिवस नवीन मुलीला पाळीच्या संख्येत धरू नका. दोन महिने नाइटला एकटी नाही. तिला एक जोडीदारीण द्या, जी स्वतः दोन-तीन वर्षांची आहे. फार सीनियर नको, त्यांना नवखेपण आठवत नाही. क्रॅश कार्ट (तातडीची औषधं-साधनं ठेवायची गाडी) उघडून दाखवणं, रक्त चढवताना काय बघायचं, इन्फ्युजन पंप, पोटॅशियमसारखी जपून द्यायची औषधं, अशी एक छापील यादी करा. प्रत्येक गोष्ट तिने करून दाखवली की जोडीदारणीने सही करायची. आणि आठव्या, तिसाव्या, साठाव्या, नव्वदाव्या दिवशी तुम्ही स्वतः तिला दहा मिनिटं बसवून विचारायचं. 'कसं चाललंय' असं विचारलंत तर 'बरं चाललंय मॅडम' येईल. 'या आठवड्यात भीती कधी वाटली?' असं विचारा.

इन-चार्ज सिस्टरांकडेही बघावं लागेल, आणि हे अवघड आहे. मुली हॉस्पिटल सोडतात असं आपण म्हणतो, पण वहीची पानं वॉर्डाप्रमाणे लावली की एका वॉर्डातून पाच गेलेल्या दिसतात आणि शेजारच्या वॉर्डातून एकही नाही. इन-चार्ज आपण ज्येष्ठतेने करतो, माणसं सांभाळायला तिला कुणी शिकवलेलं नसतं. मीही तरुण इन-चार्ज असताना उलट बोलणाऱ्या मुलीला जास्त नाइट लावल्या आहेत. ते चुकीचं होतं, आणि मला वेळीच सांगणारी एक मेट्रन भेटली म्हणून मी सुधारले. तुम्हीही चारचौघांत नाही, पण स्पष्ट सांगा. पाच जणी गेल्या त्या वॉर्डाची लिस्ट तीन महिने स्वतः लावा, तिला शेजारी बसवून.

डॉक्टरांच्या ओरडण्याचा एकच नियम. रुग्ण आणि नातेवाईकांसमोर सिस्टरवर आवाज चढवायचा नाही, तक्रार मेट्रनकडे द्यायची. एका कन्सल्टंटने भर राउंडमध्ये फाइल फेकली होती. मी ती उचलली, त्यांच्याबरोबर केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की चूक असेल तर मी शिक्षा करीन, पण माझ्या मुलीचा अपमान तिच्या पेशंटसमोर होणार नाही. वॉर्डात ही गोष्ट तासाभरात पसरली. नातेवाइकांच्या दांडगाईसाठी २०१० चा राज्याचा कायदा आहे, त्यात नर्सवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचा फलक लावा, नाइटला वॉर्डाच्या मजल्यावर गार्ड मागा, आणि तक्रार द्यायला सिस्टरला एकटीला पाठवू नका, स्वतः बरोबर जा.

बाळंतपणानंतर परत न येणाऱ्यांचं एक पान तुमच्या वहीत नक्की निघेल. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर. ३६ नर्सिंगचे आणि बाकीचे धरून तुमचं हॉस्पिटल त्यात बसतं. एक खोली आणि एक मावशी एवढ्यावर तीन-चार अनुभवी सिस्टर परत येतात. अशा सिस्टर जाहिरात देऊन मिळत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, एक कागद घेऊन जा. एक सिस्टर गेल्यावर काय खर्च होतो ते तुमच्याच आकड्यांत लिहा. नवी येईपर्यंतच्या डबल ड्युटीचे पैसे, नवी आल्यावर तिच्या शिकण्याच्या काळातला पगार, जोडीदारणीचा गेलेला वेळ. त्याला १५ ने गुणा. मग शेजारी कूलर, पाळणाघर, रजा राखीवच्या जागा यांचा खर्च मांडा. मी असाच कागद नेला तेव्हा सगळं नाही, पण चार जास्तीच्या जागा मंजूर झाल्या.

आणखी एक. ज्या जणी राहिल्या आहेत त्यांना विचारा, तुम्ही का राहिलात? अमेरिकेत १९८० च्या सुमारास नर्सेसची मोठी टंचाई होती. तेव्हा तिथल्या नर्सिंग अकादमीने १६३ रुग्णालयं तपासून, नर्सेस टिकून राहणारी ४१ निवडली, आणि तिथे काय वेगळं आहे ते १९८३ मध्ये मांडलं. ड्युटीतला मोकळेपणा, नर्सिंग प्रमुखाचं वॉर्डात दिसणं, निर्णयात नर्सचं म्हणणं घेणं, अशाच गोष्टी निघाल्या. तुमच्याकडच्या जुन्या सिस्टर याहून नेमकं सांगतील, कारण त्यांना तुमचा वॉर्ड, तुमचे डॉक्टर आणि तुमची पाण्याची टाकी माहीत आहे.

सगळं एकदम काढू नका. या महिन्यात वही उघडा, एकदा दुपारी हॉस्टेलवर जा, एका रात्री न सांगता दोन वाजता वॉर्डात चक्कर मारा आणि चहा त्यांच्याबरोबर प्या. पुढची लिस्ट २० तारखेला लावा. होळी जवळ यायची वाट न बघता, नंदुरबारकडची तुमची किती मुलं आहेत ते आजच मोजा. आणि होळी झाली की त्याच आठवड्यात आखाजीच्या रजांची वही फिरवा.